मुकादमाचं पथ्य

२१ नोव्हेंबर २००५

…मी अंगण झाडून, सडा टाकून, नळाचं पाणी भरून आत येईपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. हे ओट्यावर बसलेले असायचे. रात्रपाळीचा कापूस भुवयांत तसाच. मी म्हणायची, आधी तोंड धुवा. हे म्हणायचे, आधी चा. मग बशीत चहा ओतायचे, फुंकर मारायचे, एक घोट स्वतः घ्यायचे आणि बशी पिंजऱ्याच्या दाराशी न्यायचे. मुकादम चोच बुडवायचा. मग टोस्टचा तुकडा त्याच चहात भिजवून त्याला. पण फुकट नाही, आधी बोलायचं. "बोल मुकादम, बोल." आणि मुकादम ह्यांच्याच आवाजात, ह्यांच्यासारखाच आधी खोकून, म्हणायचा, "चा ठेवला का वं, पंचे?" मग दोघंही माझ्याकडे बघायचे, जणू मोठं काम केलं. बशीतला शेवटचा घोट हे माझ्यासाठी ठेवायचे. पोपटाचा उष्टा चहा मी प्यायची नाही. वरून भांडायची.

त्यात वेगळं काही नव्हतं. रोजचीच सकाळ. पण आज दवाखान्यातून परत येताना रस्ताभर तीच डोळ्यासमोर होती, म्हणून आधी ती लिहिली. आता कामाचं लिहिते.

मुकादम आमचा पोपट. हे जिनिंगमध्ये होते, वणी रोडवरच्या, जिथे कापसातून सरकी म्हणजे बी वेगळी काढतात. तिथे एका हंगामात हा सरकीच्या ढिगावर सापडला, पंखा लागून एक पंख मोडलेला. हे डब्याच्या फडक्यात बांधून घरी घेऊन आले. नाव मुकादम ठेवलं, कारण जिनिंगचा मुकादम ह्यांना पाळीभर बोलायचा आणि घरी ह्यांना मुकादमाला बोलायला मिळायचं. हे उन्हाळ्यात गेले. छातीचं दुखणं होतं. या वर्षी जिनिंगही सुरू झाली नाही.

गेल्या काही दिवसांपासून मुकादम गप्प बसतो, पिसं काळपट झाली, चोच वाकडी वाढली, शीट हिरवी-पिवळी. आज शाळेतल्या पोरांची खिचडी रांधून त्याला मारेगावच्या ढोरांच्या दवाखान्यात नेलं. सगळे बैल, बकऱ्या घेऊन बसलेले. एक बकरीवाला म्हणाला, "मावशी, पोपटाचं दूध काहाडता का?" सगळे हसले. मी म्हटलं, "हो, तुह्या चहासाठीच आणलं." मग माझ्यासाठी बाकावर जागा झाली.

डॉक्टरीणबाई नवीन आहेत, शाल्मली नाव. त्या म्हणाल्या, "मावशी, माझ्याकडे ढोरंच येतात. पाखरांचं मला पुस्तकात बघावं लागेल." माझ्यासमोरच पुस्तक काढून वाचत बसल्या. मला त्या तिथेच आवडल्या. मग म्हणाल्या, पोपट पाळणं कायद्यात बसत नाही. मी पंख दाखवला. त्यांनी तो बोटाने उघडून बघितला, पुन्हा मिटला आणि कायद्याचं पुढे काही बोलल्या नाहीत.

त्यांचं म्हणणं असं की मुकादमाच्या यकृतावर चरबी चढली आहे. चहा बंद. टोस्ट, बिस्कीट, खारे दाणे, भजी, शेव बंद. मीठ लागलेलं काहीच नको. मोड आलेले मूग द्यायचे, भिजवलेले हरभरे, ज्वारी, गाजर, पेरू, पालक, शेवग्याचा पाला, मक्याचं कोवळं कणीस. सीताफळ द्यायचं तर एकही बी राहता कामा नये, ती विषारी असते. भाजी कापसाच्या वावरातली नको, तिच्यावर कापसाचीच फवारणी झालेली असते. मिरची चालते. पाखराला तिखट लागतच नाही म्हणे. हे मात्र मी ह्यांना सांगायला पाहिजे होतं. मुकादम हिरवी मिरची खायचा तेव्हा हे त्याची किती वाहवा करायचे.

आणि रोज काय खाल्लं ते लिहून ठेवायला सांगितलं. "लिहिता येतं ना मावशी?" येतं. मी शाळेत गेले नाही, अक्षरं किराण्याच्या पुड्यांवरून शिकले. पुडा सोडला की साखर डब्यात आणि कागद माझ्या मांडीवर. त्यामुळे कितीतरी वर्षं मला कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. पुढे विहारातल्या कपाटातून अख्खी पुस्तकं मिळायला लागली.

२२ नोव्हेंबर

मूग दिले. सगळे पिंजऱ्याबाहेर फेकले. गाजर फेकलं. पेरूचा एक तुकडा कुरतडला, तोही रागाने.

मी चहा टोस्ट घेतला, मागच्या दारी उभं राहून. हे लिहायचं नव्हतं, मुकादमाचंच लिहायचं आहे. चुकून लिहिलं.

२४ नोव्हेंबर

हंसाबाई आली होती. भिंतीपलीकडे राहते, तांड्यावरून लग्न होऊन इथे आली तेव्हापासूनची शेजारीण. मी गाजर किसत होते.

"काय वं पंचफुला, मुकादमाले पथ्य लावलं म्हणते?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं."

"मोडाचे मूग, गाजराचा कीस, पेरूच्या फोडी! याडी ये!" तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. "देवसिंगले सांगते, पुढच्या खेपेले पोपट होऊन या म्हणा. माह्या घरी तं मानसाले जागा नाही. कापूस झोपते खोलीत अन् आमी ओसरीत."

कापसाचं सरकारी खरेदी केंद्र अजून उघडलं नाही, आणि खाजगीत द्यायला तिचे मालक देवसिंगभाऊ तयार नाहीत. दोन्ही खोल्या छतापर्यंत कापसाने भरल्या आहेत. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली आहे. बोलता बोलता हंसाबाई सारखी दंड खाजवत होती.

"तू काय जेवली?" तिने विचारलं.

"झालं माह्यं."

"काय झालं?"

"चहा टोस्ट."

"ते जेवन होय? पोपटाचं बंद केलं अन् सोताच खाऊन राह्यली!"

मी म्हटलं, शाळेत एवढ्या पोरांची खिचडी ढवळली की वासानेच पोट भरतं. ते खरंच आहे. चुलीपाशी उभं राहिलं की भूक मरते.

मुकादमाने आज मक्याचे थोडे दाणे खाल्ले.

२९ नोव्हेंबर

मुकादम बोलत नाही.

आधी वाटलं आजाराने. पण आता शीट सुधारली आहे, मका खातो, पेरू खातो. तरी बोलत नाही. आज माझ्या लक्षात आलं. त्याला बोलायला शिकवलं ते बशीवर. बशी आली की बोलायचं, बोललं की चहा. आता बशी येत नाही तर तो कशाला बोलेल? जसा जिनिंगचा भोंगा झाला की हे निघायचे. भोंगा नाही तर निघणार कशाला.

मी बशी फळीवर वर ठेवली आहे. चहा चुलीवरच्या गंजातून थेट पेल्यात घेते आणि मागच्या दारी पिते, आवाज न करता. तरी त्याला कळतं. मान वाकडी करून दाराकडे बघत राहतो.

हे गेल्यापासून मी त्या आवाजाने उठत होते. लोकांना सांगितलं नाही, हसतील. मी डोळे उघडायच्या आधीच तो सकाळच्या बशीच्या आशेने सुरू व्हायचा. "चा ठेवला का वं, पंचे?" ऐकू यायचं आणि तेवढा वेळ, डोळे उघडेपर्यंत, सगळं जागच्या जागी असायचं. मी उठून चहा ठेवायची. आता उठायला कारणच राहत नाही. शाळेची खिचडी अकराला चढते, तोपर्यंत पडून राहिलं तरी चालतं.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाचं यकृत वाचवलं. खरं म्हणजे मी खूश व्हायला पाहिजे.

६ डिसेंबर

विहारात गेले. मेणबत्ती लावली. बायकांनी विचारलं, बारीक काहून झाली. ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले आहेत, तरी ढगळ दिसतात. कापडच आता पूर्वीसारखं येत नाही.

मुकादम : ज्वारी, शेवग्याचा पाला. मूग अजूनही फेकतो.

१० डिसेंबर

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलं आहे, पण मूग आणि हरभरे पोटात गेले पाहिजेत, नाहीतर अंगात काही राहणार नाही. मी म्हटलं, तो तोंडच लावत नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही काय खाता?"

"मी कुठे आजारी आहे?"

"तसं नाही. पोपट आपल्या माणसांच्या ताटाकडे बघून खातो. तुम्ही त्याच्यासमोर बसून मूग खा. भाजी खा. मग तो खाईल. रोज, दोन वेळा. हेही औषधच समजा."

पाखरांना इतकी समज असेल असं वाटलं नव्हतं. पुस्तकात असेल म्हणून सांगितलं.

निघताना मी विचारलं, बोलणं परत येईल का. त्या म्हणाल्या, "बोलला नाही तर काय बिघडतं मावशी? जगला पाहिजे." बाहेर गाभण म्हैस आली होती, त्या लगेच उठून गेल्या.

११ डिसेंबर

वाटीत मूग घेऊन पिंजऱ्यासमोर बसले. एक दाणा उचलायचा, तोंडाशी न्यायचा आणि पदरात सोडायचा. तोंड नुसतं हलवायचं. "खाय ना बाप्पा. हे पाय, मी खाऊन राह्यली. दोन दाणे खाय."

मुकादम माझ्या तोंडाकडे नाही, पदराकडे बघत होता.

१८ डिसेंबर

आज जे झालं ते लिहू की नको, असा संध्याकाळभर विचार केला.

संघदीपचा फोन आला. माझा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. फोन हंसाबाईच्या घरी करतो. तिने भिंतीवरून हाक मारली, "पंचफुला, पुण्याचा फोन!" तिचा फोन आतल्या खोलीत कोनाड्यात आहे, आणि त्या खोलीत कापूस. कापसावर चढून, गुडघ्यापर्यंत रुतत कोनाड्यापर्यंत गेले आणि कापसातच बसले.

संघदीपने तब्येतीचं विचारलं. पुण्याला ये म्हणाला. मी म्हटलं, "मुकादमाले कोन पाहीन?" मग त्याने एकदम विचारलं, "आई, तो बाबाच्या आवाजात बोलते का अजून?"

मी म्हटलं, "बोलते ना."

का म्हटलं माहीत नाही.

"ऐकव ना एकदा. मले बाबाचा आवाज आठवतच नाही आई. चेहरा आठवते, आवाज आठवत नाही. परवा ऑफिसात बसल्या बसल्या आठवून पाहिला. आलाच नाही."

मी हंसाबाईला म्हटलं, माझ्या घरून पिंजरा आण, आणि फळीवरची बशी. चहाही मांड.

"अवं, डॉक्टरीण काय म्हणन?"

"एक डाव."

तिने सगळं आणून दिलं, तोवर संघदीपने फोन धरून ठेवला. पिंजरा मी मांडीवर घेतला. चारी बाजूंनी कापूस, मध्ये आम्ही. मुकादमाने मान वर केली, इकडे तिकडे बघितलं, पंख थोडे सोडले. त्याला कापूस ओळखीचा असणार. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, दाराशी नेली. "बोल मुकादम, बोल."

त्याने बशीकडे बघितलं. खोकला. आणि म्हणाला, "चा ठेवला का वं, पंचे?"

फोन मी त्याच्या चोचीपाशी धरला होता. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा. इतक्या दिवसांचं साचलेलं असावं. चहा पीत होता आणि म्हणत होता. मग मी फोन कानाला लावला.

"संघदीप?"

"आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "खोकलते बी तसाच." आणि त्याने फोन ठेवून दिला.

हंसाबाई दारात पाठ करून उभी होती. पदराने तोंड पुसत होती. म्हणाली, "कापसानं डोळे बी खाजवून राह्यले बाप्पा."

२३ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी वही मागितली तर हे पान दाखवणार नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी बशी काढते. थोडाच चहा देते, टोस्ट नाही. मुकादम बोलतो. मी ऐकते, मग उठून कामाला लागते. घरात आवाज असला की भांडी घासायलाही बरं वाटतं. संध्याकाळीही एकदा दिला.

पण मला त्याची काळजी आहेच. तो हलका वाटतो. चहाने जे जातं ते दुसरीकडून भरून काढायला पाहिजे. मूग तो खात नाही. आज दाराआडच्या पोत्याकडे लक्ष गेलं. सरकीचं पोतं. ह्यांनी जिनिंगमधून शेवटचं आणलं होतं, हंसाबाईच्या म्हशीसाठी, द्यायचं राहून गेलं. सरकीने म्हशीच्या अंगात काय ताकद येते, दुधावर साय कशी धरते, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आणि मुकादम सापडला तोच मुळी सरकीच्या ढिगावर. म्हणजे खायलाच आला असेल. हे मला आधी कसं सुचलं नाही?

मूठभर भिजवून, ठेचून, मक्याच्या दाण्यांत मिसळून दिली. खाल्ली. मूग फेकणारा पोपट, त्याने सरकी खाल्ली. मला फार समाधान वाटलं.

पोत्याला अजून जिनिंगचा वास आहे.

२९ डिसेंबर

मुकादम दांडीवरून खाली उतरून बसला आहे. पिसं फुगवलेली. डोळे अर्धे मिटलेले. काही खाल्लं नाही. सकाळी बशी नेली. बशीकडेही बघितलं नाही.

३१ डिसेंबर

काल दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी त्याला हातात घेतलं आणि विचारलं, "काय दिलं?"

मी आधी म्हटलं, चहा. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, "एवढ्याने असा होणार नाही. अजून काय?"

"सरकी."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सरकी कोणी सांगितली?"

"कोणी नाही. म्हशीला देतात ना."

"मावशी, रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट वेगळं. सरकीत विष असतं, ते म्हशीला पचतं. कोंबडीला, पाखराला पचत नाही."

बैल घेऊन आलेला एक माणूस दारात होता. या वेळी कोणी हसलं नाही.

त्यांनी चोच उघडून औषधाचे थेंब सोडले, एक बाटली मला दिली. ऊब ठेवा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "स्पष्ट सांगते. यातून वाचला, तरी चहा आणि हा, दोन्ही तुमच्याकडे राहणार नाहीत. चहा सुरू ठेवला तर पावसाळा बघणार नाही."

मी म्हटलं, "चहा नाही दिला तर तो बोलणार नाही."

"नाही तर नाही."

"तुम्हाला माहीत नाही तो काय बोलतो."

मग मी सांगितलं. बशी, रात्रपाळी, खोकला, संघदीपचा फोन, सगळं. इतकं मी कोणाजवळ बोलले नव्हते. त्या नळावर हात धूत होत्या. धुऊन झाले तरी नळ सुरूच होता. शेवटी म्हणाल्या, "मी काय सांगू मावशी. तुम्हीच ठरवा."

त्यांनी ठरवलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आले तर वीज गेलेली. वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या टोपलीखाली ठेवली. हंसाबाई पदरात भरून कापूस घेऊन आली आणि टोपलीच्या बाहेरून चारी बाजूंनी दाबून बसवला. म्हणाली, "कोनी घेत नाही तं हा तरी घेवो." मग माझ्याजवळ बसून राहिली.

मी टोपलीत वाकून म्हणत होते, "खाय ना बाप्पा. दोन दाणे खाय." आणि मनात विचार येत होता की हा गेला तर तो आवाजही जाईल. म्हणजे हे. एकदा गेलेलं माणूस पुन्हा जाईल. आणि हा जगायला पाहिजे असेल तर मीच ह्यांना गप्प करायचं. कोणीकडूनही तेच.

आज दुपारी त्याने डोळे पूर्ण उघडले. बोटावरचं पाणी घेतलं.

३ जानेवारी २००६

सरकीचं पोतं हंसाबाईच्या म्हशीला दिलं. उचलताना जड होतं. पोतं तरी ठेवून घेऊ का, असं मनात आलं. नाही ठेवलं.

मुकादम दांडीवर चढला आहे, पण खात नाही. थेंबांवर किती दिवस राहणार? सकाळी मी खूप वेळ बशीकडे बघत बसले. मग उतरवली, राखेने घासली. कडेला चहाचा तांबूस डाग होता, तो पूर्ण गेला नाही. त्या बशीत मोड आलेले मूग भरले आणि ह्यांच्यासारखी दाराशी नेली.

बशी बघून तो दांडीवरून सरकत आला. खोकला. मी थांबले. म्हणाला असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. पण त्याने आत वाकून बघितलं, चहा नव्हता, आणि तो गप्पच राहिला. माझ्याकडे बघितलं.

आता बशी त्याच्या इतकी जवळ होती की पदरात दाणा सोडायला जागा नव्हती. मी एक दाणा उचलला आणि खाल्ला. कच्चा मूग बऱ्याच दिवसांनी तोंडात गेला. मोडाला थोडी गोडी असते. दुसरा घेतला. तिसरा घ्यायला गेले तर त्याने माझ्या बोटांतून ओढून घेतला.

मग तो एक, मी एक. बशी रिकामी झाली. मी पुन्हा भरली.

मुकादम : मूग, जवळजवळ दीड बशी. त्यातले माझे किती ते माहीत नाही.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. पोरांना जिलेबी. मुकादमासाठी आणली नाही, साखर त्याला नको.

परवा दवाखान्यात त्याची चोच घासून दिली. पिसांना पुन्हा चमक आली आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याला बघितलं, मग मला बघितलं. म्हणाल्या, "औषध लागू पडलं. दोघांनाही."

मी म्हटलं, "मी कुठे आजारी होते?"

त्या हसल्या आणि लिहीत बसल्या.

रोज त्याच्यासमोर बसते. पालक असेल तर पालक, गाजर असेल तर गाजर. माझ्यात मीठ घालायच्या आधी त्याचं बाजूला काढते. एखाद्या दिवशी मी नुसतं बसले तर तोही खात नाही, हट्टी आहे. घरी चहा मांडणं सोडलं. पिणं नाही, पण मांडण्याचा आवाजच घरात नको म्हणून. हंसाबाईकडे जाऊन पिते. ती म्हणते, "पोपटाचं पथ्य अन् माह्या साखरेचा डबा खाली."

मुकादम बोलत नाही.

१९ फेब्रुवारी

परवा जिनिंगची यंत्रं ट्रकमध्ये भरून नेली. विकली म्हणे. वणी रोडनेच ट्रक गेले, शाळेसमोरून. मी परातीत तांदूळ निवडत होते. ह्यांचं यंत्र कोणतं ते मला ओळखता आलं नाही. सगळी सारखीच दिसली, ताडपत्रीखाली. एकाच्या दातांत अजून कापूस अडकलेला होता, तो वाऱ्याने उडत होता.

घरी आले. मुकादमाची वाटी भरली : हरभरे, पालक, पेरूची फोड. चूल पेटवली नाही. ओट्यावर बसून राहिले. ह्यांचा आवाज आठवून बघितला. संघदीप म्हणाला होता तसंच झालं. आधी खोकला आला, पुढचं यायला वेळ लागला. आलं तेव्हा ह्यांचं होतं की मुकादमाचं, ते कळलं नाही. अंधार पडायला लागला तरी मी तिथेच.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "खाय ना बाप्पा."

बाईचा आवाज. मला वाटलं हंसाबाई. भिंतीकडे बघितलं, कोणी नव्हतं.

"दोन दाणे खाय."

मुकादम होता. दांडीच्या टोकाला, माझ्या बाजूला येऊन बसलेला. बशी नाही, चहा नाही, कोणी बोल म्हटलं नाही, आणि बोलत होता. मला वाटलं त्याला भूक लागली. उठून बघितलं तर वाटी तशीच भरलेली. मी पेरूची फोड उचलून दिली. त्याने घेतली नाही. पुन्हा म्हणाला, "खाय ना बाप्पा."

हंसाबाई आवाज ऐकून भिंतीवरून डोकावली. "काहून वं, कोनाले जेवू घालून राह्यली?"

"मी नाही. मुकादम आहे."

तिने कान देऊन ऐकलं आणि हसायला लागली. "अवं माय, हा तं तुहाच आवाज! हुबेहूब तूच!"

माझा आवाज असा आहे, मला माहीत नव्हतं. थोडा चिरका आहे. वाटी भरलेली असताना तो कोणाला खा म्हणत होता, हे मात्र मला उमजलं नाही. हंसाबाई म्हणाली, "विचार त्यालेच," आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी लवकर उठून चूल पेटवली, ज्वारीच्या दोन भाकरी टाकल्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी केली, मीठ घालायच्या आधी मुकादमाची बाजूला काढली, आणि त्याच्यासमोर बसून पोटभर जेवले.